मोरीवरचा पांढरा रुमाल

१

रविवारी सकाळी पावणेआठच्या सुमारास सहायक पोलीस निरीक्षक महामाया इंगळे मलकापूरबाहेरच्या जुन्या हायवेवर पोचली, तेव्हा रस्ताभर तूर सांडलेली होती. शेंगांनी लगडलेल्या पेंढ्या डांबरावर विखुरलेल्या, मध्ये एका अंगावर कलंडलेली बैलगाडी. एक बैल उठायची धडपड करत होता, दुसरा कुणीतरी सोडून बाभळीला बांधला होता. जुवाजवळ दयाराम नावाचा पन्नाशीचा शेतकरी पालथा पडला होता. तिथून सत्तरेक पावलांवर काळं जर्किन घातलेला सागर. दोघांपैकी कुणातच जीव राहिला नव्हता.

नवा हायवे झाल्यापासून हा जुना रस्ता ओस पडला होता. सरळसोट, गुळगुळीत. दर रविवारी सकाळी तिथं पोरं मोटारसायकलींच्या शर्यती लावत. पोलिसांची गाडी आली की पांगत, गेली की जमत. त्या शर्यतींचा राजा म्हणजे सागर. दोन वर्षांत तो कधी हरला नव्हता आणि त्याचे व्हिडिओ मोबाइलवर हजारो लोक पाहत.

दयारामची गाडी शेतातल्या कच्च्या वाटेनं, पांदणीनं, येऊन रस्त्यावर चढत होती. पांदणीच्या पश्चिमेला अर्जुनरावांची तूर पुरुषभर उंच उभी होती. सागर पश्चिमेकडून आला आणि तुरीची भिंत संपताच समोर गाडी. एवढं तर कुणालाही दिसत होतं.

ठाणेदारांना त्यात तपासासारखं फारसं काही वाटलं नाही. धडक देणारा स्वतःच मेला, आणि मेलेल्या माणसावर खटला चालत नाही. शिवाय गाववाल्यांपैकी दोघं-तिघं म्हणत होते, की गाडीवानानंच न पाहता बैल रस्त्यावर घातले.

"शर्यत एकट्याची नसते, साहेब," महामाया म्हणाली. "दुसरा कोणीतरी शेजारी पळत होता. कोणीतरी रस्ता मोकळा करून देत होता. दोन माणसं मेली, त्याचा जाब त्यांनाही द्यावा लागेल."

ठाणेदारांनी मान हलवली. मग सहज सांगावं तसं म्हणाले, की प्रकरण पेपरात गाजणार म्हणून बुलढाण्याहून स्थानिक गुन्हे शाखेचा अधिकारी येतो आहे. मंगळवारी सकाळी.

"कोण?"

"अनुपमा खर्चे. तुमच्याच बॅचच्या ना?"

महामायानं हातातली वही मिटली.

२

नाशिकच्या प्रबोधिनीत दोघींच्या खाटा शेजारी होत्या. धावण्यात महामाया पुढे, कायद्याच्या पेपरात महामाया पुढे. पण दीक्षान्ताच्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला तो अनुपमाचा. तीन वर्षांपूर्वी देऊळगाव राजाला एका सोनाराकडे चोरी झाली. चोराचा माग महामायानं काढला. अनुपमा शेवटच्या दिवशी आली, आणि सत्काराला व्यासपीठावर खुर्ची तिला मिळाली. तिनं काही हिसकावलं नव्हतं, हेच तर महामायाला सोसत नसे. अनुपमा चांगली होती. भेटली की गळ्यात हात टाकायची. तिचा राग करायला जागाच सापडत नसे, आणि मग राग आत कुठंतरी सायीसारखा धरत जायचा.

या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, असं महामायानं ठरवलं. मंगळवारी अनुपमा येईल तेव्हा आरोपी कोठडीत आणि कागद तयार असले पाहिजेत. हाती होता एक दिवस.

शर्यतीतला दुसरा स्वार सापडायला वेळ लागला नाही. हवालदार गुलाबरावांनी सोमवारी सकाळीच त्याला ठाण्यात आणून बसवलं. राजकुमार, एका जिनिंगवाल्याचा मुलगा, वय चोवीस. कोपरं सोललेली, आणि त्याच्या मोटारसायकलची डावी बाजू खरवडून निघालेली.

तो फार बोलला नाही. शर्यत होती हे त्यानं कबूल केलं. सागर पुढे होता, आपण पन्नास-साठ मीटर मागे होतो, धडक पाहून ब्रेक दाबला, गाडी घसरली, भीती वाटली म्हणून पळालो, असं त्याचं म्हणणं. सागरकडून सहा वेळा हरलो हेही त्यानं सांगितलं, मान खाली घालून.

"तुमी दोघं एवढ्या जोरात जाता, अन् पांदणीतून कोणी आलं तं?" गुलाबरावांनी विचारलं.

"तिथं कुलदीप असते ना," राजकुमार म्हणाला. "पुढं नाल्यावरच्या मोरीवर. रुमाल वर केला का रस्ता मोकळा, खाली घेतला का थांबायचं."

"आणि काल?"

"काल रुमाल वरच होता."

३

कुलदीप सागरचा बालमित्र. बसस्टँडमागे त्याचं गॅरेज. सागरची मोटारसायकल त्यानंच बांधलेली, नट न् नट त्याच्या हातचा. महामाया दुपारी तिथं गेली तेव्हा शटर अर्धं ओढलेलं होतं आणि तो आत एकटाच बसला होता. डावा पाय सरळ पसरलेला. अडीच वर्षांपूर्वी तो मोडला होता, आणि गुडघा तेव्हापासून वाकत नव्हता.

तो रडत नव्हता. विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं त्यानं नीट उत्तर दिलं. आपण मोरीवर होतो, रुमाल आपणच वर केला. पांदण मोरीच्या पश्चिमेला शंभरेक पावलांवर. पण मध्ये तूर होती.

"डोक्याच्या वर तूर उभी हाये, मॅडम. गाडी येऊन राह्यली हे दिसलंच नाही मले. दिसलं असतं तं मी रुमाल वर केला असता का? सागर माह्या भावासारखा होता."

त्यानं मोबाइल काढून एक व्हिडिओ दाखवला. मोरीवरून पांदणीच्या दिशेनं घेतलेला, सकाळच्या कोवळ्या उन्हातला. मध्ये दाट तूर, वाऱ्यावर डुलणारी, पांदण नावालाही दिसत नव्हती. शर्यत सुरू व्हायच्या आधी काल सहज काढला होता, असं तो म्हणाला, आणि तो महामायाच्या फोनवर पाठवूनही दिला.

मग बोलावं की न बोलावं असं करत, त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. राजकुमार मागे नव्हता. तो सागरच्या अंगाला अंग लावून पळत होता, आणि तुरीजवळ त्यानं सागरच्या गाडीला उजव्या बाजूनं लाथ मारली. सहा वेळा हरलेला माणूस काय करणार नाही.

महामायाला राजकुमारच्या गाडीवरची खरवड आठवली. तिला हवं होतं तेच समोर येत होतं. श्रीमंत बापाचा, हरण्याला कंटाळलेला मुलगा. अनुपमा यायच्या आत.

उठता उठता तिनं विचारलं, सागर माणूस म्हणून कसा होता.

"चांगला होता," कुलदीप म्हणाला. "लई चांगला. त्याच्यावर रागवाले जागाच नव्हती."

महामाया दारातच थबकली. हे वाक्य आपण कुठंतरी ऐकलंय असं तिला वाटलं. पण कुठं, ते आठवेना, आणि तिला घाई होती.

४

सागरच्या व्हिडिओंचं सगळं काम त्याची मोठी बहीण रुपाली पाहायची. काटछाट, गाणं लावणं, लोकांना उत्तरं देणं. घरी बायांची गर्दी होती, म्हणून ती मागच्या दारी पायरीवर येऊन बसली. राजकुमारबद्दल तिला विचारलं, तेव्हा तिनं नकारार्थी मान हलवली. राजकुमार गर्विष्ठ खरा, पण लाथ मारण्यातला नाही. हरला की सरळ येऊन सागरच्या हातात हात द्यायचा.

कुलदीपचा विषय निघाला तसं तिच्या डोळ्यांना पाणी आलं. आधी शर्यतीत कुलदीपच उतरायचा, ती म्हणाली. त्याचा पाय मोडला आणि त्याची गाडी सागरनं घेतली. सुरुवातीच्या व्हिडिओंत दोघं असायचे. मग लोक लिहू लागले, हा लंगडा कोण, मधे मधे काऊन येते. म्हणून रुपाली त्याला कापू लागली.

"शेवटी शेवटी त्याचा फक्त हात दिसायचा, रुमाल धरलेला," ती म्हणाली. "त्यानं एकदा विचारलं होतं मले, माह्यं तोंड एवढं वाईट हाये का, म्हणून. मी हसण्यावारी नेलं."

महामायानं ते वहीत उतरवलं, पण त्याच्याखाली रेघ मारली नाही. संध्याकाळी पाच वाजता तिनं राजकुमारच्या अटकेचा कागद लिहायला घेतला. त्यावर ठाणेदारांची सही तेवढी उरली. ते खामगावला बैठकीला गेले होते, सकाळी परतणार होते.

सकाळी ते आले, आणि त्यांच्या मागोमाग अनुपमाही आली. तिनं महामायाच्या खांद्यावर हात टाकला, चहा मागवला आणि सगळी कागदपत्रं शांतपणे वाचली. व्हिडिओ दोनदा पाहिला. मग तिनं एकच गोष्ट विचारली.

"माया, तू स्वतः मोरीवर उभी राहून पाहिलंस ना?"

महामाया तिथं उभी राहिली नव्हती. रविवारी गर्दी होती, सोमवारी घाई होती.

"हो," ती म्हणाली.

५

खोटं बोलून झाल्यावर तिला अनुपमासमोर बसवेना. दयारामच्या बायकोचा जबाब राहिलाय असं सांगून ती गुलाबरावांना घेऊन निघाली. जबाब खरंच राहिला होता. दोन दिवस सगळे सागरबद्दलच बोलत होते.

घर गावाच्या कडेला. ओट्यावर भावकीतली चार माणसं मृतासाठी शनिवारी करायच्या पुण्यानुमोदन विधीचं ठरवत होती. दयारामची बायको कलाबाई आत भिंतीला टेकून बसली होती. महामाया तिच्याशेजारी खालीच बसली.

कलाबाईनं रडं आवरलं आणि पहिली गोष्ट काढली ती हीच, की लोक म्हणतात, नवऱ्यानं न पाहता बैल रस्त्यावर घातले.

"ते तसे नव्हते, बाई. रविवारी ते पोट्टं रुमाल घेऊन उभं राह्यते, हे साऱ्याले माहीत हाये. शर्यत असली का ते आमाले हात करून थांबवते. आमी थांबतो. नाही थांबवलं तं समजतो का आज शर्यत नाही, रस्ता रिकामा हाये. त्यानं थांबवलं असतं तं हे थांबले असते."

"मावशी, तो म्हणतो की तुरीमुळं त्याला गाडी दिसलीच नाही."

कलाबाईनं तिच्याकडे नवलानं पाहिलं.

"कोणती तूर? पांदणीच्या तिकडची अर्जुनरावची उभी हाये. मोरीच्या अंगची तं आमची. ते आमी शुक्रवारीच सोंगली, कापून टाकली ना. मी, हे, अन् दोन बाया. शनिवारी पेंढ्या बांधल्या, रविवारी खळ्यावर न्यायच्या होत्या."

तिनं पदरानं नाक पुसलं आणि ती म्हणाली, "तेच तं गाडीत होती."

रस्ताभर सांडलेल्या त्या पेंढ्या तिच्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. त्या तिनं पाहिल्या होत्या, पंचनाम्यात लिहिल्या होत्या, त्यांवरून चालत गेली होती. जी तूर गाडीच्या आड उभी होती असं कुलदीप सांगत होता, ती त्याच गाडीवर लादलेली होती.

मग व्हिडिओतली तूर कुठली?

६

मोरीवर ती एकटी चढली. मोरीपासून पांदणीपर्यंतचं सगळं शेत उघडं पडलं होतं, नुसते खुंट. पलीकडे पांदणीत एक म्हातारी शेळी घेऊन चालली होती. शेळीच्या गळ्यातला दोरसुद्धा इथून दिसत होता. फक्त अर्जुनरावांची तूर उभी होती ती पांदणीच्या पलीकडे. पश्चिमेकडून येणाऱ्या स्वाराला ती आड येणार, मोरीवरच्या माणसाला नाही. दोन दिवस महामाया त्या दोन शेतांची एक तूर करून बसली होती, कारण तिला इथं यायला सवड नव्हती.

आणि तेव्हा तिला आठवलं, कुलदीपचं ते वाक्य आपण कुठं ऐकलं होतं. बाहेर कुठंही नाही. अनुपमाबद्दल ती मनात जे म्हणत आली, तेच त्यानं सागरबद्दल मोठ्यानं म्हटलं होतं. चांगला होता. रागवायला जागाच नव्हती. दोन वर्षं त्याच्या हातची गाडी, आणि नाव दुसऱ्याचं.

या कोड्याचं उत्तर आता तिच्या एकटीच्या मुठीत होतं. ठाणेदारांकडे थेट जाता आलं असतं. अनुपमाला संध्याकाळी कळलं असतं, पेपरवाल्यांबरोबर. मोरीच्या कठड्यावर बसून महामायानं तोही विचार केला, नाही असं नाही. मग तिनं फोन लावला.

"अनुपमा, मी सकाळी खोटं बोलले. मी मोरीवर आत्ता पहिल्यांदा उभी आहे. तू ये."

अनुपमा वीस मिनिटांत आली. खोट्याबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. शेत पाहिलं, व्हिडिओ पुन्हा पाहिला आणि म्हणाली, की एवढ्यावर वकील म्हणेल, पोरगं घाबरून काहीबाही बोललं. व्हिडिओ आधीचा आहे हे दाखवायला हवं, आणि राजकुमारलाही पुन्हा विचारायला हवं. दोघींनी कामं वाटून घेतली.

महामाया रुपालीकडे गेली. शर्यतवाल्या पोरांचा मोबाइलवर एक ग्रुप होता आणि रुपाली त्यातलं काही पुसत नसे. अपघाताच्या आधीच्या रविवारची तारीख तिनं उघडली. तोच व्हिडिओ, तीच डुलणारी तूर. खाली कुलदीपनं लिहिलं होतं: मोरीवरून काहीच दिसत नाही, तूर सोंगेपर्यंत मी पांदणीच्या तोंडावर उभा राहीन.

रुपालीनं ते वाचलं, पुन्हा वाचलं.

"मग या रविवारी तो मोरीवर काऊन गेला?" तिनं विचारलं.

"कारण तूर सोंगून झाली होती," महामाया म्हणाली. "तिथून सगळं दिसत होतं."

७

दुपारी चार वाजता कुलदीपला ठाण्यातल्या आतल्या खोलीत बसवलं. अनुपमा म्हणाली, तूच विचार, मी बसते. महामायानं आवाज चढवला नाही. आधी पंचनाम्यातली तुरीच्या पेंढ्यांची नोंद वाचून दाखवली, मग कलाबाईचा जबाब, मग त्यानं स्वतः लिहिलेली ओळ. राजकुमारच्या गाडीची खरवड घसरण्याची होती. तिच्यात रस्त्याचे खडे रुतलेले होते. सागरच्या गाडीच्या उजव्या अंगाला लाथेची खूण तर नव्हतीच.

कुलदीप बोलू लागला, तेव्हा जणू तिसऱ्याच कुणाची हकिगत सांगत होता. गाडी पांदणीत दिसली होती. दयारामला थांबवायला हात उचलणारच होता. तेवढ्यात पलीकडून सागरच्या गाडीचा आवाज आला. तो आवाज त्यानंच बसवलेला, शंभर गाड्यांत ओळखू आला असता.

"माह्यी गाडी, मॅडम. तिचा आवाज ऐकला का मले गुडघा आठवे. वाटलं, एकदा हरू दे. समोर बैलगाडी दिसन, ब्रेक मारन, राजकुमार पुढे जाईन. एकदा हरू दे, एवढंच वाटलं. अन् मी रुमाल वर केला."

"आणि दयाराम?"

त्यानं वर पाहिलं.

"गाडीवर माणूस होता, कुलदीप. तुझ्याकडे पाहत होता, तू थांबवशील म्हणून."

दयाराम त्याच्या मनात आलाच नव्हता.

अनुपमानं मग त्याला काय होणार ते समजावून सांगितलं. राजकुमार सुटणार नाही. रस्त्यावर शर्यत लावली आणि त्यात माणसं मेली, म्हणून निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचं कलम एकशे सहा त्याच्यावर लागेल. कुलदीपचं निराळं. माणूस मरू शकतो हे ठाऊक असताना त्यानं खूण केली. तो सदोष मनुष्यवध, कलम एकशे पाच. हात गाडीच्या मुठीवर नव्हता, एवढ्यानं तो मोकळा होत नाही. बाकी न्यायालय ठरवेल.

कुलदीपनं ते ऐकलं की नाही, कळलं नाही. गुलाबराव त्याला न्यायला आले तेव्हा तो उठता उठता महामायाकडे वळला.

"मॅडम, सागरनं माह्याकडं पाह्यलं होतं का?"

हे उत्तर अनुपमानं दुपारी राजकुमारकडून मिळवलं होतं. ते सांगावं की नाही, याचा महामायानं क्षणभर विचार केला.

"तुरीजवळ सागरनं गाडी हळू केली होती," ती म्हणाली. "राजकुमारला वाटलं, आज आपण जिंकलो. मग सागरनं मान उचलून मोरीकडे पाहिलं. रुमाल वर होता. तेव्हा त्यानं पुन्हा मूठ पिळली."

गुलाबराव त्याला धरून बाहेर घेऊन गेले.

खोलीत दोघीच उरल्या. बाहेर पत्रकार जमले होते, त्यांचे आवाज येत होते. अनुपमानं कोरे कागद पुढे ओढले आणि ते महामायाकडे सरकवले. प्रकरण तुझं आहे, बाहेरही तूच बोल, असं ती म्हणाली. तीन वर्षं महामाया या क्षणाची वाट पाहत होती. आता तो समोर आला, तर तिनं कागद अनुपमाकडे परत सरकवले.

"तूच लिही," ती म्हणाली. "मी सांगते."

"बरं. मृतांची नावं सांग. सागर..."

"नाही," महामाया म्हणाली. "दयारामचं नाव आधी लिही."